भाजीचा कूलर

सोमवार, ३ मार्च

ही डायरी गेल्या वर्षीची. टायरवाल्यानं फुकट दिलेली. वार जुळत नाहीत म्हणून छापलेली तारीख खोडून मी माझी लिहितो. पूर्वी हिच्यात फक्त कूलर असायचे: कोणाची मोटर घरघरते, कोणाचा पंप चुळचुळतो. आज माणसांबद्दल लिहायचं आहे, म्हणून नवं पान घेतलं.

नगर परिषदेच्या सभागृहात बैठक होती. कचोरी आहे असं शिपायाकडून कळलं, म्हणून गेलो. मुख्याधिकारी रुचिका मॅडम सहा महिन्यांपूर्वी रिसोडला आल्या. वय तिशीचं, पण आवाजाला धार. म्हणाल्या, "गावाचे प्रश्न आमच्या चार भिंतींत सुटत नाहीत. एक प्रश्न घ्या. त्याला एक नागरिक, एक धंदेवाला आणि आमचा एक कर्मचारी. तिघांनी मिळून पंचेचाळीस दिवसांत करून दाखवा. जागा आणि मोकळीक आमची, डोकं तुमचं."

भिंतीवर प्रश्नांचा तक्ता होता. त्यात भाजीबाजार. दुपारी बारानंतर तिथून सडक्या पाल्याच्या दोन घंटागाड्या भरून निघतात. गुरं जमतात, वाट बंद होते. म्हणून बाजार उचलून बायपासच्या मैदानावर न्यायचा विचार आहे. मॅडमनी सरळ सांगितलं, "दोनाची अर्धी गाडी करून दाखवली तर बाजार आहे तिथंच राहील. नाही तर एक मेपासून बायपास."

मागच्या रांगेत खुर्चीच्या कडेला कस्तुराबाई बसल्या होत्या. त्या आणि त्यांचे मालक नथ्थू नाल्याकाठच्या एकरभरात मेथी, पालक, कोथिंबीर लावतात. बाजाराच्या कोपऱ्यात बावीस वर्षं बसतात बाई. मॅडमनी विचारलं, "मावशी, बायपासला काय अडचण आहे?"

"मॅडम, बायपासनं गाड्या जाते. पायी कोनी जाते काय? गाडीतला मानूस मेथी घ्याले थांबत नाई. आमी चाळीस बाया तिथं एकमेकीले भाजी विकत बसू काय?"

सभागृह हसलं. कस्तुराबाई हसल्या नाहीत.

मग मॅडमनी विचारलं, धंदेवाल्यांपैकी कोण येतो? माझ्या मागं दोन रांगा सोडून हॉटेलवाला धनसिंग शेजाऱ्याच्या कानात बोलला, "बबन कूलरवाला तं येतच नाई. सीझन सोडून तो सख्ख्या भावाच्या लग्नाले नाई गेला."

चालत्या कूलरमध्ये स्क्रू पडला तर तो कितव्या नंबरचा, हे मी रस्त्यावरून सांगतो. कुजबूज ऐकू येणार नाही होय? माझा हात आपोआप वर गेला.

तिसरा माणूस आरोग्य निरीक्षक गोविंदसिंग. घंटागाड्या त्याच्याच ताब्यात.

मंगळवार, ४ मार्च

सकाळी उठल्यावर पस्तावलो. मार्च म्हणजे आमची दिवाळी. केनवडहून सतराव्या वर्षी आलो तेव्हा हातात पत्रा कापायची कात्री होती आणि पायात चप्पल नव्हती. आज तालुक्यात दर तिसऱ्या घरात माझा कूलर वारा देतो. हे असं सीझनला लक्ष दिल्यानं झालं, बैठकांना जाऊन नाही.

मुलगा हरीओम चिडला. "बाबा, बाजार बायपासले गेला तं आपलं काय जाते?"

सून वर्षाराणी आतून म्हणाली, "मंग मेथी आनाले तुमी जासान ना बायपासले, रोज?"

हरीओम दुकानाची किल्ली घेऊन निघून गेला. पोरगी भोळी आहे. कशाचं कशाला जोडते. रोज कस्तुराबाईकडूनच भाजी घेते, म्हणून तिला वाटलं असेल.

शुक्रवार, ७ मार्च

तिघं बाजारात बसलो. म्हणजे कस्तुराबाई बसल्या, आम्ही दोघं उभे. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं. पहाटे उपटलेला पाला सहाला बाजारात येतो. बारापर्यंत ऊन त्याची मान मोडतं. तो फेकून बाया घरी जातात. नोकरीवाली, शाळेतली माणसं पाच-सहाला भाजीला निघतात तेव्हा बाजारात फक्त बटाटे आणि गुरं.

मी म्हटलं, "पाणी मारा की."

"पानी मारून सडते भाऊ. त्याले पानी नाई, थंडावा पाह्यजे."

थंडावा! अहो, थंडाव्यातच माझी तीस वर्षं गेली. मी तिथंच पोत्यावर खडूनं चित्र काढलं. कपाटाएवढी पत्र्याची पेटी, तीन बाजूंना ओल्या ताट्या, वर पाण्याचा पंप, पाठीला पंखा. भाजीचा कूलर.

कस्तुराबाईंनी चित्र बराच वेळ पाहिलं. "पंखा काहून पाह्यजे?"

"बाई, पंख्याबिगर कूलर म्हणजे नुसती टाकी."

गोविंदसिंग हसला. बाई पुन्हा चित्राकडं पाहू लागल्या. शिकलेल्या नाहीत, वेळ लागणारच.

मंगळवार, ११ मार्च

पेटी बसली. कडुलिंबाच्या सावलीत, नगर परिषदेनं दिलेल्या जागेवर. शेजारच्या खांबावरून रीतसर मीटर. मॅडमनी अर्ज घेतला आणि दोन दिवसांत जोडणी मिळवून दिली. माझ्या दुकानाच्या मीटरला चार महिने लागले होते, ते मी त्यांना सांगितलं नाही. चांगल्या कामाच्या वेळी जुनं उकरू नये.

ताट्यांना लाकडाचा भुसा नाही घातला. अस्सल वाळा घातला, पाहुण्यांच्या खोलीतल्या कूलरला घालतो तो. पंखा सुरू केला तेव्हा सगळ्या बाजारात गार सुगंध पसरला. बाया पाहतच राहिल्या. दुपारी बाराला सगळ्यांच्या जुड्या आत ठेवल्या आणि संध्याकाळी काढल्या तेव्हा मेथी अशी ताठ की जणू आत्ताच उपटली.

धनसिंग येऊन पाहून गेला. काही बोलला नाही. त्याचं न बोलणं मला स्पष्ट ऐकू आलं.

बुधवार, १२ मार्च

आजचा दिवस लिहायला नको होता.

सकाळी नऊला एका बाईनं मेथीची जुडी परत आणून आपटली. "ही भाजी हाये का सरबत? नवरा म्हणते, मेथीत अत्तर काहून टाकलं!" तिच्या मागं आणखी दोघी. एकीनं वरण फेकलं म्हणे. कोथिंबिरीला वाळ्याचा वास लागला होता. वास इतका पक्का की धुऊन जाईना.

कस्तुराबाईंनी सगळ्यांना नव्या जुड्या दिल्या. माझ्याकडं पाहिलंही नाही. ते जास्त लागलं. गोविंदसिंग मात्र दिवसभर मला पाहिलं की नाक वर करून हुंगायचा.

शुक्रवार, १४ मार्च

धुळवड. मी रंग खेळायला गेलो नाही. ओट्यावर बसून ताट्यांचा विचार करत होतो. लाकडाचा भुसा घातला तर लाकडाचा वास लागणार. वर्षाराणी माठ भरत होती. मध्येच म्हणाली, "मामाजी, माठाले आपन गोनपाट काहून गुंडाळतो?"

"गार राहतो म्हणून. एवढंही माहीत नाही?"

"अन् पान्याले गोनपाटाचा वास नाई लागत काय?"

"धुतलेलं असलं तर नाही."

"अच्छा," म्हणाली आणि आत गेली.

अर्ध्या तासानं मला एकदम सुचलं. गोणपाट! धुऊन, उकळून, दुहेरी. कल्पना अशी अचानक येते. लगेच हरीओमला पोती आणायला पिटाळलं. त्याच्या तोंडाला हिरवा रंग होता, तसाच गेला.

बुधवार, १९ मार्च

गोणपाट लागलं, वास गेला, भाजी ताजी राहते. आणि कोणी घेत नाही.

पाचला गिऱ्हाईक येतं, पेटीकडं पाहतं आणि म्हणतं, "आतली हाये काय? मंग कालची असंन." आमच्या गावात जे झाकलेलं ते शिळं, जे उघड्यावर ते ताजं. कस्तुराबाई शपथा घेऊन थकल्या. घंटागाड्या अजून दोन भरतात. फरक एवढाच की आधी बाराला भरायच्या, आता सातला. गोविंदसिंग म्हणाला, "बबनभाऊ, तुमच्यानं माह्या लोकाइले संध्याकाळची ड्युटी लागली. आशीर्वाद देऊन राह्यले तुमाले."

पंचेचाळीसपैकी सोळा दिवस गेले. सीझनचे सतरा कूलर दुकानात अडकलेत. आज पहिल्यांदा वाटलं, धनसिंग खरं बोलला होता. मी यायला नको होतं. पण बाजारातून निघताना एका म्हातारीनं कस्तुराबाईंना विचारलेलं ऐकलं, "मंग, बायपासले पानी तरी हाये का पियाले?" त्या म्हणाल्या, "आपन अजून तिथं गेलो काय? मंग कायले विचारतं?" तो आवाज ऐकल्यावर माघार घेता येत नाही.

शनिवार, २२ मार्च

दोन गोष्टी.

एक, कस्तुराबाईंनी काहीतरी केलं. पेटीत जाणाऱ्या जुड्यांना त्या लाल दोरा बांधतात आणि मोठ्यानं सांगतात, "लाल म्हनजे सकाळची. कालची निघाली तं जुडी तुमची, दोरा माह्या गळ्यात." शिवाय आजवर ज्या बाया गिऱ्हाइकाला ढिगाला हात लावू द्यायच्या नाहीत, त्या आता म्हणतात, "घ्या, तुमीच हात घालून काढा." मला वाटलं, दोऱ्याची युक्ती गोविंदसिंगची. तो नाही म्हणतो, पण लाजतो असं दिसतं.

दुसरी, मोटर जरा गुरगुरत होती. मी बेअरिंगला तेल दिलं, पाती तोलली. आता मऊ चालते. बाजारात बसूनही कळू नये इतकी. माझ्या हाताचं कसब अजून गेलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

बदल झाला. आज गाडी दीडच भरली.

दुपारी चक्कर टाकली. दवाखान्याच्या वळणावरून मी दिसलो तशी एक बाई ओरडली, "आले, आले, भाऊ आले!" आणि सगळ्या बाया पेटीभोवती गोळा झाल्या. मला भरून आलं. पंधरा दिवसांपूर्वी अत्तरवाला म्हणत होत्या.

पेटीजवळ पोचलो तेव्हा पंखा सुरू होता, गुणगुणत. गिऱ्हाईकही आदबीनं वागतं. दोन बायांचे हात पेटीत होते. मी आल्याबरोबर दोघींनी हात काढून पदराला पुसले आणि मागं सरल्या. मी म्हटलं, "घ्या घ्या, संकोच नको." पण नाही घेतली. मान देतात लोक.

रविवार, ३० मार्च

पाडवा. गुढी उभारली, श्रीखंड झालं. वर्षाराणी संध्याकाळी भाजीला गेली ती तासाभरानं आली. काय करत होती विचारलं तर म्हणाली, "कस्तुराकाकूसंगं बोलत व्हती." कशाबद्दल? "असंच, उन्हाबद्दल." दोघी हसल्या मात्र होत्या. पिशवी ठेवतानाही तिच्या तोंडावर ते हसू होतं.

नथ्थूनं पेटीच्या डोक्यावर एक ड्रम ठेवला आहे, बायांना प्यायला असावा. त्याला शेतातल्या ठिबकच्या नळीचा तुकडाही लावला आहे. नथ्थूचं काही सांगता येत नाही. तो रिकाम्या हातांना काम देतो.

गुरुवार, ३ एप्रिल

एक गाडी. फक्त एक!

गोविंदसिंगनं मीटरचं रीडिंग आणलं. युनिट इतके कमी पडले की तो म्हणाला, मीटर बंद आहे की काय. मी त्याला समजावलं. मोटर तोललेली असली, बेअरिंगला तेल असलं की वीज खात नाही. ह्याला तंत्र म्हणतात. गोविंदसिंग वर आभाळाकडं बघत राहिला. म्हणाला, "तंत्रच म्हना भाऊ."

दुकानात चौघांनी विचारलं, भाजीचा कूलर करून देता का. मी प्रत्येकाला मोटरबद्दल सांगितलं.

बुधवार, ९ एप्रिल

रुचिका मॅडम दुकानात आल्या. सोळा तारखेला वाशीमहून दोन अधिकारी पाहणीला येणार. त्यांनी हो म्हटलं तर बाजार राहतो आणि असे प्रयोग दुसऱ्या गावांतही होतील. मॅडम म्हणाल्या, "बबनराव, मी जिल्ह्याला सांगितलंय की गावाला विचारलं तर गाव करतं. आता ते खरं ठरवा."

त्यांच्या आवाजात पहिल्यांदा कंप ऐकला. त्यांचंही काहीतरी अडकलं आहे ह्यात.

मी भाषण लिहून काढलं. मोटरपासून सुरुवात. हरीओमनं ऐकून घेतलं. वर्षाराणी म्हणाली, "चांगलं हाये मामाजी. पन त्या साहेबानं पेटीत हात घातला तं?"

"तर काय? गार लागेल."

"अच्छा," म्हणाली.

बुधवार, १६ एप्रिल

सगळं नीट लिहितो.

अधिकारी एक वाजता येणार होते. अकराला लाइट गेली. बाजारामागच्या गल्लीत लिंबाची फांदी तारेवर पडली. वायरमन म्हणाला, तीन वाजतील. पंखा नाही, पंप नाही, बेचाळीस अंशांत पत्र्याची पेटी म्हणजे भट्टी. चाळीस बायांचा बाजार माझ्या पेटीत उकडणार.

दुकानातलं इन्व्हर्टर, बॅटरी आणि वायरचं भेंडोळं ऑटोत घालून मी निघालो. ऑटोवाला लखन, त्याला वाटेत तीनदा सांगितलं, "हाक रे बाप्पा." तो म्हणाला, "काका, बॅटरी तुमच्या मांडीवर हाये, खड्डा माह्या हातात नाई."

पोचलो तेव्हा अधिकारी आधीच आले होते. सगळ्यांची पाठ माझ्याकडं. "भाऊ आले" कोणी ओरडलं नाही. पेटीसमोर रांग होती. शाळेतल्या एक बाई कोपरापर्यंत हात आत घालून जुड्या निवडत होत्या. त्यांच्या मागं एका म्हाताऱ्यानं नुसताच हात आत ठेवला होता, डोळे मिटून. कोणी त्याला हाकलत नव्हतं.

वाशीमच्या मोठ्या साहेबांनी हात घातला. काढला. पुन्हा घातला. "लाइट तर अकरापासून नाहीये ना? मग हे इतकं गार कसं?"

मी इन्व्हर्टर छातीशी धरून उभा. आता नीट पाहिलं. ड्रममधून ठिबकच्या नळीनं थेंब थेंब पाणी गोणपाटावर उतरत होतं. वाऱ्याची झुळूक गोणपाटातून आत जात होती. पंख्याचा प्लग काढून खिळ्याला अडकवलेला होता. नीट, रोज अडकवल्यासारखा.

कस्तुराबाईंनी मला पाहिलं. माझ्या हातातलं धूड पाहिलं. मग साहेबांना म्हणाल्या, "बबनभाऊनं बिगर लाइटीचंच बनवलं ना साहेब. हुशार मानूस हाये."

रांगेत कोणीतरी हसू दाबलं. मी आवाजावरून ओळखलं. आमची वर्षाराणी, पिशवी घेऊन उभी.

मी इन्व्हर्टर खाली ठेवलं आणि बाईंजवळ जाऊन हळूच विचारलं, "कधीपासून?"

"पंचवीस दिवस झाले भाऊ."

मी मनात मोजलं. ज्या दिवशी मी बेअरिंगला तेल दिलं होतं, तो दिवस.

"काहून पण?"

"ओल्या कूलरले हात लावू नोका, हे तुमीच हरेक गिऱ्हाइकाले सांगता ना? दुकानाच्या पाटीवरबी लिवलं हाये. मंग लाइटीच्या ओल्या पेटीत माह्या गिऱ्हाइकानं हात काहून घालावा? हात घातल्याबिगर इश्वास नाई, अन् पंखा सुरू असला तं हात नाई. म्हनून बंद केला. आधी गोनपाटावर लोट्यानं पानी टाकलं, मंग मालकानं नळी लावली."

"अन् मी आलो की?"

बाईंनी पदर तोंडाला लावला. "तुमाले आवाज आवडते ना भाऊ."

ह्या वऱ्हाडात एक मूल असं नसेल ज्याला आईनं कूलरला ओला हात लावल्यावर पाठीत धपका घातला नाही. तीस वर्षं मीच ही भीती विकत आलो, आणि मीच विसरलो. माझे कान गावात तिखट मानतात. पंचवीस दिवस मी न चालणाऱ्या मोटरचं कौतुक ह्या वहीत लिहिलं. मागची पानं आता वाचली. फाडली नाहीत.

मोठे साहेब वाट पाहत होते. भाषण खिशात होतं, ते तिथंच राहू दिलं. म्हटलं, "साहेब, बाई खोटं बोलतात. मी पंख्याची बनवली. बिगरपंख्याची ह्यांनी केली. मला आत्ता कळलं." खिशातून पाना काढला आणि सगळ्यांसमोर पंख्याचे चार नट खोलले. पंखा बाहेर आला तशी त्या भोकातून झुळूक आणखी जोरात आत शिरली. शाळेतल्या बाई म्हणाल्या, "हे आधी नाही का करायचं!"

एवढ्यात गोविंदसिंग घंटागाडी घेऊन आला. दार उघडून दाखवलं. तळाशी थोडा पाला, एक फुटका नारळ आणि कोणाची तरी जुनी चप्पल. "कालपासूनचा सारा पाला हाये, अर्धीबी नाई साहेब. अन् चप्पल भाजीत धरू नका."

साहेब हसले. मग मॅडम हसल्या. त्यांच्या हसण्यातून इतक्या दिवसांचा श्वास बाहेर पडला, तो मी ऐकला. माझे कान इतकेही गेलेले नाहीत.

शुक्रवार, १८ एप्रिल

पत्र आलं. बाजार आहे तिथंच राहील. अशा सहा पेट्या नगर परिषद लावणार. पत्रा आणि गोणपाट गावातले दोन डाळमिलवाले देणार, काम माझं, देखरेख बायांची. धनसिंगनं स्वतः येऊन सांगितलं, संध्याकाळी सातला जे उरेल ते त्याच्या हॉटेलात घेईल. मी म्हटलं, "सीझन सोडून येशील काय?" तो माझ्याकडं बघतच राहिला. त्याला वाटत होतं की कुजबूज कोणाला ऐकू जात नाही.

अहवालात एक रकाना आहे: कल्पना कोणाची? मॅडम म्हणाल्या, एकच नाव बसतं. मी म्हटलं कस्तुराबाई लिहा. बाई म्हणाल्या, ठिबकची नळी नथ्थूची, ते लिहा. नथ्थू म्हणाला, गोणपाट भाऊचं. गोणपाट माझंच होतं, ते मी नाकारलं नाही. शेवटी मॅडमनी "भाजीबाजार, रिसोड" असं लिहून टाकलं.

वर्षाराणीला सांगितलं तर म्हणाली, "बरोबर लिवलं मामाजी." तिला ह्यातलं काय कळतं, पण बोलली चांगलं.

सोमवार, २१ एप्रिल

नव्या पेट्यांची मापं घ्यायला सकाळीच बाजारात गेलो. टेप लावून उंची सांगितली तर कस्तुराबाई म्हणाल्या, "एवढी उच्ची कोनासाठी? आमी बसून विकतो. दर जुडीले उठावं लागते, गुडघे गेले चाळीस दिवसांत."

चाळीस दिवस त्या माझ्या पेटीसाठी उठत-बसत होत्या आणि मला पेटी फक्त उभ्यानं दिसली होती. म्हटलं, "बसून माप घेतो." त्यांनी आपलं पोतं दिलं, स्वतः लिंबाखाली चहाला गेल्या. मी मांडी घालून बसलो. खरंच, इथून सगळं वेगळं आहे. आधी लोकांचे पाय दिसतात, मग पिशव्या, चेहरे शेवटी. हात कुठवर जातो, पाणी कुठं सांडतं, सगळं टिपून घेतलं. पेटी गुडघ्याएवढी हवी, दार वरून.

तेवढ्यात एका बाईंनी विचारलं, "मेथी कशी दिली?"

आजूबाजूला कोणी नव्हतं. मी सुचेल तो भाव सांगितला. त्यांनी डोळे मोठे केले, दोन जुड्या घेतल्या आणि मागं वळून मैत्रिणीला हाक मारली. ती आली. तिच्यामागं आणखी दोघी. पाच मिनिटांत माझ्यासमोर सात जणी. ढीग निम्मा. मला वाटलं, विकण्यातही माझा हात चांगला आहे की.

कस्तुराबाई हातातला कप तसाच टाकून पळत आल्या. ढिगाकडं पाहिलं, रांगेकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं.

"भाव काय सांगितला भाऊ?"

मी सांगितला.

"उठा," त्या म्हणाल्या. "आत्ताच्या आत्ता उठा. पंचेचाळीस दिवसांत कसाबसा टिकवला बाजार, तुमी एका बैठकीत बुडवसान."

मी उठलो. पोतं झटकून दिलं. त्या बसल्या, पदर खोचला, आणि खरा भाव असा ओरडल्या की दवाखान्याच्या वळणावरची माणसं थांबली.